बुधवारचे नवे अंक

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या गावचा बाजार बुधवारी भरतो. सकाळी सातला पहिला टेंपो लागतो आणि नऊ वाजेपर्यंत शाळेच्या कुंपणापासून मारुतीच्या पारापर्यंत दुकानं मांडलेली असतात. तिकडे अमेरिकेत सुपरहिरोंच्या नव्या चित्रकथा दुकानात लागतात, तो वारही बुधवारच. मधे डीसी या मोठ्या प्रकाशनानं २०२० साली आपला दिवस मंगळवार केला होता, पण २०२४ मध्ये तेही बुधवारवर परत आले. तिथल्या दुकानदाराला मागणी आधीच नोंदवावी लागते आणि न विकलेला अंक सहसा परत घेत नाहीत. म्हणजे हिशेब आमच्या सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकणाऱ्या बाईसारखाच. संध्याकाळी जो उरला, तो तिच्याच अंगावर. म्हणून तिकडे पहिल्या अंकाला फार मोल. त्यानं वाचक धरला नाही, तर दुकानदार पुढचे अंक मागवताना हात आखडता घेतो.

असे चार पहिले अंक या आठवड्यात आमच्या वाचनालयात आले. पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीनं दिवाळीला येताना आणले. तिकडे ते २०२४ मध्येच निघाले. पण पुडकं आमच्या टेबलावर उघडलं ते या सोमवारी, आणि आमच्या पोरांसाठी ते कोरे करकरीत नवे. ॲबसोल्यूट बॅटमॅन, ॲबसोल्यूट वंडर वुमन आणि ॲबसोल्यूट सुपरमॅन हे तीन डीसीचे. चौथा मार्व्हल या दुसऱ्या मोठ्या प्रकाशनाचा, अल्टिमेट स्पायडरमॅन. चारही अंकांत जुन्याच वीराची गोष्ट पहिल्यापासून नव्यानं रचलीय. एकेका अंकाची किंमत पाच-सहा डॉलर, म्हणजे आपले चारशे-पाचशे रुपये. आमच्याकडे पऱ्हाटीचा कापूस वेचणाऱ्या बाईला दिवसभर वाकूनही बऱ्याचदा तेवढे पैसे सुटत नाहीत. म्हणून हे अंक नीट वाचायचे, सगळ्यांना वाचता येतील असे वाचायचे, असं आम्ही ठरवलं.

आमचं वाचनालय ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सगळ्यात लहान. एक खोली, दोन कपाटं, एक लांब टेबल. मी संध्याकाळी पाच ते आठ बसतो. पोरांना इंग्रजी अक्षरं येतात, पण वाक्याचा अर्थ लागत नाही. मग आम्ही एक युक्ती केली. वह्यांना घालतो तसलं पारदर्शक प्लास्टिक पानावर ठेवायचं. चित्रात बोलण्याचा जेवढा फुगा असेल तेवढी कागदाची चिठ्ठी कापायची, तिच्यावर पेन्सिलीनं मराठी लिहायचं आणि ती प्लास्टिकवर चिकटवायची. अंकाला धक्का नाही, आणि पान मराठीत बोलायला लागतं. सोमवार ते शनिवार, सहा संध्याकाळी आम्ही हेच केलं.

सगळ्यात जास्त अडलं ते आवाजांपाशी. या चित्रकथांत आवाजही मोठ्या अक्षरांत काढलेला असतो, तो चित्राचाच भाग असतो. त्याला मराठी काय? पोरांनी एकेक सुचवला. लोखंडावर लोखंड आपटलं की ‘खण्ण’. माणूस भिंतीवर आदळला की ‘भद्दकन’. एका कोसळणाऱ्या भिंतीसाठी सातवीतली एक मुलगी म्हणाली, “सर, ‘धडाडधूम’ नको. आमची मातीची भिंत पडली तेव्हा आधी ‘सुर्रर्र’ झालं होतं, मंग ‘धप्प’.” आम्ही चिठ्ठीवर तेच लिहिलं. पावसाळ्यात भिंत पडताना जिनं ऐकली आहे, तिच्यापेक्षा हे कुणाला जास्त कळणार?

आता अंकांकडे येतो.

पोरांनी आधी हात घातला तो बॅटमॅनला. लेखक स्कॉट स्नायडर, चित्रं निक ड्रॅगोटाची. १९३९ पासूनचा जो बॅटमॅन आपल्याला माहीत आहे तो गर्भश्रीमंत, हवेली, नोकरचाकर, तळघरात गाड्या. इथं ते सगळं काढून घेतलंय. हा ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमॅन, कामगारवस्तीत वाढलेला इंजिनीअर आहे. वडील शाळामास्तर होते, ते गोळीबारात गेले. आई जिवंत आहे. पैसा नसलेला हा बॅटमॅन आडदांड आहे, पानाच्या चौकटीत मावत नाही, आणि छातीवरचं वटवाघूळ काढून त्याची कुऱ्हाड करतो. मला हा अंक आवडला तो आईमुळे. घरी वाट बघणारं कुणी आहे म्हटल्यावर प्रत्येक मारामारीत जीव टांगणीला लागतो. जुन्या बॅटमॅनच्या गोष्टींत ही काळजी मला कधी वाटली नव्हती. पण यात रक्त आहे, आणि भरपूर आहे. हा अंक मी आठवीच्या खालच्या पोरांना दिला नाही, पालकांनीही देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पोरं रुसली. रुसू देत.

वंडर वुमन केली थॉम्पसन यांनी लिहिली, हेडन शर्मन यांनी काढली. मूळ कथेत डायना, म्हणजे वंडर वुमन, ॲमेझॉन या लढवय्या स्त्रियांच्या बेटावर, शेकडो मावश्यांच्या अंगाखांद्यावर वाढते. इथं ती तान्ही असतानाच पाताळात टाकली जाते आणि सर्सी नावाची जादूगारीण नाइलाजानं तिला वाढवते. नाइलाजाची माया कशी होते, ते थोड्याच पानांत फार सुंदर आलंय. मुलींनी हा अंक तीनदा वाचला. माझ्याकडून एवढंच.

स्पायडरमॅनचं मला थोडं जास्त सांगायचंय. १९६२ सालच्या ऑगस्टच्या अंकात स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी त्याला आणला, तेव्हा तो शाळकरी पोरगा होता. त्या वयाचा वीर तोवर बहुतेकदा कुणा मोठ्याचा मदतनीस असायचा; मुख्य वीर म्हणून पोरगा, ही तेव्हा विरळ गोष्ट होती. जोनाथन हिकमन आणि मार्को केकेटो यांनी आता उलट केलंय. यांचा पीटर पार्कर, म्हणजे होऊ घातलेला स्पायडरमॅन, पस्तिशीचा आहे. बायको आहे, दोन लेकरं आहेत, नोकरी आहे, आणि ज्या कोळ्यानं त्याला पोरवयात चावायचं होतं तो कुणीतरी त्याच्यापर्यंत पोहोचूच दिला नव्हता. आयुष्यात काहीतरी आपल्या वाट्याचं होतं आणि ते आलंच नाही, ही हुरहुर घेऊन तो जगतोय. मूळ गोष्टीत गेलेले बेनकाका इथं जिवंत आहेत, काकू गेल्या आहेत. अख्ख्या पहिल्या अंकात मारामारी जवळजवळ नाहीच. पोरांना तो रटाळ वाटला. पण बाजारातून परतताना पिशवी टेकवायला थांबलेला एक बाप, माझ्याच वयाचा, उभ्या उभ्या चिठ्ठ्या वाचत राहिला. त्याची भेंडी मलूल झाली तरी तो हलला नाही. मला वाटतं या अंकाचा खरा वाचक तोच.

आणि आता सुपरमॅन. खरं तर याच्यासाठीच मी आज बोलायला आलो.

जेसन ॲरन लेखक, राफा सँडोव्हल चित्रकार, पहिला अंक नोव्हेंबर २०२४ चा. आपल्याला माहीत असलेल्या गोष्टीत सुपरमॅनचा बाप क्रिप्टॉन ग्रहावरचा मोठा शास्त्रज्ञ, आणि पोर पृथ्वीवर पडतं ते कॅन्ससच्या प्रेमळ शेतकरी जोडप्याच्या पदरात. इथं क्रिप्टॉनवर माणसांचे थर आहेत. वर विज्ञानवाले, सगळ्यात खाली कष्टकरी. काल-एल, म्हणजे पुढचा सुपरमॅन, जन्मला तो खालच्या थरात. छातीवरचं ते जगप्रसिद्ध चिन्ह या गोष्टीत कष्टकऱ्यांचं चिन्ह आहे. ग्रह आतून पोखरला गेलाय, खालच्यांना ते जमिनीच्या कंपावरून कळतंय, आणि वरचे ते मान्य करत नाहीत. शाळेत काल-एल निबंध यंत्राकडून न लिहवता स्वतः लिहितो, म्हणून त्याला बोलणी बसतात. हे पान आम्ही मोठ्यानं वाचलं तेव्हा खोलीत चिडीचूप झालं.

मग तो पृथ्वीवर येतो, आणि आपल्याला दिसतो तो ब्राझीलमधल्या खाणीत, राबणाऱ्या माणसांमध्ये. त्याचा लाल झगा कापडाचा नाही. धुळीचे कण जुळून तो होतो आणि विस्कटून पुन्हा धूळ होतो. सँडोव्हलनं ही धूळ अशी काढलीय की पान हातात घेतल्यावर बोटं झटकावीशी वाटतात. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. वणीकडच्या कोळसा खाणींवर कामाला जाणारी घरं आमच्या नात्यागोत्यात आहेत. ते घरी आले की चपला बाहेर काढतात, तरी उंबऱ्यावर काळी रेघ उमटतेच. ती रेघ रोज पुसणाऱ्या घरातला एक मुलगा आमच्या टेबलाशी बसतो. त्यानं चिन्हावर बोट ठेवून विचारलं, “सर, म्हंजे हा मजुराइचा बिल्ला होय?” मी हो म्हटलं. तो म्हणाला, “मंग तो लपवत काऊन नाही?” मी उत्तर द्यायच्या आत शेजारची पोरगी म्हणाली, “त्याच्या मायबापानंही लपवला नाही ना.”

कुणी म्हणेल, सुपरमॅनला मजूर करणं हे आताच्या काळाचं नवं फॅड आहे. तसं अजिबात नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी हा वीर घडवला. जून १९३८ च्या ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात तो आला, किंमत दहा सेंट. त्याचे हक्क त्यांनी १३० डॉलरला देऊन टाकले. त्या मालिकेच्या तिसऱ्याच अंकात सुपरमॅन काय करतो? खाणीत अपघात होतो. तो स्वतः खाणकामगाराचा वेश घेतो. मालक आणि त्याचे मेजवानीला आलेले पाहुणे गंमत म्हणून खाली उतरतात, आणि सुपरमॅन त्यांची वाट बंद करतो. धोक्याची घंटा वाजत नाही, सुरक्षेची साधनं गंजलेली, आणि ते मालकाला स्वतःच्या कातडीवर कळतं. म्हणजे उडायलाही न शिकलेला, नुसत्या उंच उड्या मारणारा तो पहिला सुपरमॅन खाणीतल्या माणसाच्या बाजूनं उभा होता. जेसन ॲरननं त्याला त्याच्या मूळ घरी नेऊन सोडलंय, असं मला वाटतं.

उणं काय, तेही सांगायला हवं. गोष्ट क्रिप्टॉन आणि पृथ्वी यांच्यात सारखी उड्या मारते. नवख्या वाचकाला धागा सापडत नाही. आम्ही शेवटी क्रिप्टॉनच्या चिठ्ठ्या पिवळ्या कागदाच्या केल्या आणि पृथ्वीच्या पांढऱ्या, तेव्हा पोरांना ओळ लागली. आणि दुसरं, खाणीतली माणसं पहिल्या अंकात गर्दी म्हणूनच जास्त दिसतात. त्यांच्यातल्या एकाच्या घरी तरी आपल्याला न्यायला हवं होतं. मजुरांची गोष्ट सांगायची तर मजुरालाही नाव हवं, घर हवं.

चिठ्ठ्या कापताना मला माझं लहानपण आठवत होतं. आमच्या गावच्या न्हाव्याच्या दुकानात इंद्रजाल कॉमिक्सचे अंक असायचे, चक्क मराठीत. अमेरिकेतल्या ली फॉकचा १९३६ सालचा फँटम, म्हणजे जंगलाचा मुखवटेवाला राखणदार, आपल्याकडे वेताळ झाला होता. कवटीच्या अंगठीचा ठसा आम्ही कोळशानं हातावर काढायचो. आज वाचताना एक गोष्ट खटकते, की जंगल आदिवासींचं आणि राखणदार मात्र बाहेरून आलेल्या गोऱ्याच्या वंशातला. पण भाषा आपली होती, आणि दाढीला बसलेला म्हातारा आणि चौथीतलं पोरगं एकच पान वाचायचं. १९६४ ला सुरू झालेलं इंद्रजाल १९९० ला बंद पडलं. मग आमच्या पुढची पोरं यवतमाळच्या स्टँडवरून राज कॉमिक्स आणायला लागली, हिंदीत. त्यांचे वीर, नागराज १९८६ चा, ध्रुव १९८७ चा. चांगलंच होतं ते, विदर्भात हिंदी काही परकी नाही. तरी स्वतःच्या बोलीत बोलणारा वीर आमच्या पोरांना मिळाला नाही, याची मला मनापासून खंत आहे. परवा सुपरमॅनच्या तोंडी “घाबरू नको, म्या हावो ना” हे वाक्य एका पोरानं लिहिलं. मी ते खोडलं नाही.

तेव्हा श्रोतेहो, एक विनंती. ज्यांच्या माळ्यावर, पेटीत, जुन्या कोठीत मराठी इंद्रजालचे अंक पडले असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नका. आमच्या नाही तर तुमच्या गावच्या वाचनालयात आणून द्या, आठ दिवसांसाठी दिले तरी चालतील. वाळवीनं खाल्लेले असले तरी चालतील, अर्ध्या पानातही गोष्ट असते.

भाचीनं ॲबसोल्यूट सुपरमॅनचा दुसरा अंक पाठवलाय, तो पोस्टानं वाटेत आहे. पिवळा कागद संपलाय. येत्या बुधवारी बाजारातून आणायचा आहे, आणि सोबत डिंकाची एक बाटली.

नमस्कार.