परदेशी पार्सलच्या फॉर्मवर ‘आत काय आहे’ या रकान्यात नेमकं काय लिहायचं?

नमस्कार मंडळी! (फॉर्म कॅमेऱ्यासमोर धरत) हा बघा, सीएन 23. टपालाने परदेशी पार्सल पाठवताना कस्टम्ससाठी भरायचा फॉर्म. पाकीट दोन किलोपर्यंतचं असेल आणि आतल्या मालाची किंमत 300 एसडीआरच्या आत असेल, तर याचा धाकटा भाऊ सीएन 22 चालतो. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, त्याचा रोजचा दर त्यांच्याच साइटवर सापडतो. विकलेला माल कुरियरने पाठवताय? मग कमर्शियल इन्व्हॉइस लागतं. नाव वेगळं, प्रश्न तेच.

नाव, पत्ता, फोन तुम्ही नीट भरालच. घोळ होतो तो या रकान्यात. (बोट ठेवत) आत काय आहे?

माझं एक पार्सल तीन आठवडे पडून होतं. मी लिहिलं होतं, ‘कपडे, सॅम्पल’. किंमत शून्य! आता कस्टम्सच्या माणसाने यावरून काय समजायचं? त्याच्यापुढे बंद खोकं, आणि कित्येकदा तर खोकं पोचायच्या आधीच ही ओळ त्याच्या स्क्रीनवर आलेली असते. तिच्यावरूनच तो ठरवणार ना!

(दोन कपडे टेबलावर ठेवत) हा टी-शर्ट, हा शर्ट. दोन्ही सुती, दोन्ही पुरुषांचे. पण टी-शर्ट होजिअरीच्या कापडाचा, म्हणून त्याचा एचएस कोड, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीतला क्रमांक, 6109.10. शर्टाचं कापड मागावरचं, त्याचा 6205.20. यादीतलं थेट प्रकरणच बदललं, 61 चं 62! हे पहिले सहा आकडे एचएस वापरणाऱ्या सगळ्या देशांत सारखेच असतात, पुढचे आकडे ज्याचे त्याचे. म्हणून लिहायचं असं: ‘पुरुषांचा शर्ट, 100 टक्के सुती, नवा, 2 नग’. शेजारी कोड, वजन, किंमत आणि माल कुठल्या देशात बनला ते. भाषा मात्र फॉर्मवर चालते तीच, इंग्रजी किंवा फ्रेंच.

किंमत शून्य कधीच लिहू नका. सॅम्पल फुकट दिलं तरी वस्तूला मोल असतंच. आणि ड्यूटी वाचवायला कमी लिहिलीत, तर पार्सल हरवल्यावर भरपाई मागताना तोच आकडा आड येतो. दंड होऊ शकतो तो वेगळाच.

‘गिफ्ट’वर टिक केली की ड्यूटी माफ, हा तर लाडका गैरसमज. सवलत द्यायची की नाही आणि किती रकमेपर्यंत, हे माल घेणारा देश ठरवतो. विकलेल्या मालावर ही टिक म्हणजे सरळ खोटं.

बॅटरीचं वेगळं सांगतो. फोन किंवा लॅपटॉप बॅटरीसकट जात असेल तर तो यूएन 3481 मध्ये येतो. (यूएन म्हणजे धोकादायक मालाला दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक.) पॉवर बँक मात्र नियमांच्या लेखी नुसती बॅटरीच, यूएन 3480, आणि तो माल प्रवासी विमानातून कार्गो म्हणून जात नाही. काउंटरवर आधी विचारा, मग पॅक करा.

कुरियरवाले डीडीपी की डीएपी असं विचारतील. डीडीपी म्हणजे तिकडची ड्यूटी तुमच्या खिशातून. डीएपी म्हणजे घेणाऱ्याच्या, तेव्हा त्याला आधी कळवून ठेवा, नाहीतर तो दारातूनच पार्सल परत पाठवेल.

कागद बाहेर प्लास्टिकच्या पाकिटात लावाच, पण एक प्रत पत्त्यासकट खोक्याच्या आतही टाका. बाहेरचं लेबल वाटेत फाटलं, तर खोकं उघडणाऱ्याला निदान ती सापडेल.