स्ट्राइव्ह मासियिवा: आधी खटला, मग धंदा

(जोहान्सबर्गमधील मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं काटछाट करून.)

नमस्कार मंडळी. भर उन्हाळ्यात तिळगूळ वाटणारे जगात आपणच असू, तेव्हा घामाची सवय आहे असं धरून चालतो.

कार्यकारिणीने विषय दिला होता, ‘आफ्रिकेतला एक धनाढ्य उद्योजक’. मी नायजेरियाचे उद्योगपती दांगोटे यांच्या सिमेंटवर बोलेन असं बऱ्याच जणांना वाटलं असेल. पण माझा जन्म गेला मोबाइलचे टॉवर उभारण्यात. त्यामुळे माझा माणूस ठरलेला होता, झिम्बाब्वेचे स्ट्राइव्ह मासियिवा.

सुरुवात मात्र साताऱ्यातून करतो. १९८१ मध्ये वडिलांनी फोनसाठी नाव नोंदवलं आणि फोन आला १९८९ मध्ये. मधली आठ वर्षं आमचा नंबर म्हणजे शेजारच्या काकांचा पीपी नंबर. फोन आला की काका गॅलरीतून हाक मारायचे आणि आम्ही ओल्या हातांनी धावत सुटायचो. हेलपाटे घातले, चिडलो, सगळं झालं. पण फोन न मिळाल्यामुळे आपल्या मूलभूत हक्कावर गदा येते आहे, हे काही आमच्या डोक्यात आलं नाही. झिम्बाब्वेच्या राजधानीतल्या, हरारेतल्या एका इंजिनिअरच्या आणि त्याच्या वकिलांच्या डोक्यात आलं.

मासियिवांचा जन्म १९६१ चा, तेव्हाच्या ऱ्होडेशियातला, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतला. गोऱ्यांच्या राजवटीत घरच्यांनी देश सोडला आणि ते झांबियात गेले. मुलाचं पुढचं शिक्षण स्कॉटलंडमध्ये झालं. स्वातंत्र्ययुद्धात उतरायचं म्हणून हा पोरगा १९७८ च्या सुमारास आफ्रिकेत परतला, तर लढाई संपत आली होती. देश उभारायला शिकलेली माणसं लागतील, परत जा, असं तिथल्या एका अधिकाऱ्याने सांगितलं, असं ते स्वतःच सांगतात. मग वेल्समधून १९८३ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी, मायदेशी सरकारी टेलिफोन कंपनीत नोकरी, आणि ती सोडून अवघ्या ७५ डॉलरवर ‘रेट्रोफिट’ नावाची स्वतःची कंपनी. ती चांगली चालली. इथवरची गोष्ट कुठल्याही हुशार मुलाची.

मग मोबाइल आला. आधी ते सरकारी कंपनीकडेच भागीदारीचा प्रस्ताव घेऊन गेले. मोबाइलला भवितव्य नाही, असं ऐकून परत आले. स्वतः करतो म्हणाले, तर त्याच सरकारी कंपनीची मक्तेदारी आडवी आली. तेव्हा ते कोर्टात गेले, आणि त्यांच्या बाजूने जो युक्तिवाद झाला तो मला अजूनही थक्क करतो. घटनेने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिलंय. फोन हे बोलण्याचं आणि ऐकण्याचं साधन. सरकार स्वतः धड फोन देत नाही आणि दुसऱ्यालाही देऊ देत नाही, म्हणजे ते लोकांचं तोंड आणि कान दोन्ही दाबतंय. १९९५ मध्ये सरन्यायाधीश गबे यांच्या सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं आणि मक्तेदारी घटनाबाह्य ठरवली.

जिंकले म्हणून टाळ्या वाजवू नका, अजून अवकाश आहे! १९९६ च्या सुरुवातीला अध्यक्ष मुगाबेंनी फर्मान काढून परवान्याची अट घातली. परवान्याच्या निविदेत दुसऱ्याच गटाला झुकतं माप मिळालं. पुन्हा कोर्ट. परवाना हातात पडला १९९७ संपता संपता, आणि ‘इकोनेट’ या त्यांच्या मोबाइल कंपनीचं नेटवर्क सुरू झालं १९९८ च्या जुलैत. खटल्याच्या सुरुवातीपासून सगळी मिळून पाच वर्षं. या काळात त्यांना मिळणारी सरकारी कंत्राटं बंद झाली, आणि जिच्यावर घर चालायचं ती रेट्रोफिट विकून टाकावी लागली. मी त्या जागी असतो तर दुसऱ्या वर्षीच तडजोड केली असती, खोटं कशाला बोलू?

नायजेरियाचा किस्सा आपल्या जवळचा आहे. २००१ मध्ये तिथे मोबाइल परवान्यांचा लिलाव झाला, एकेक परवाना २८.५ कोटी डॉलरचा. इकोनेटच्या गटाला एक मिळाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सेवाही सुरू झाली. मग बड्या राजकारण्यांना पैसे चारायची मागणी झाली, आपण नाही म्हटलं आणि बाहेर फेकले गेलो, असं मासियिवांनी पुढे जाहीर सांगितलं; त्यात डेल्टा राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर जेम्स इबोरी यांचंही नाव घेतलं. इबोरींना २०१२ मध्ये लंडनच्या कोर्टाने मनी लॉन्डरिंगबद्दल १३ वर्षांची शिक्षा दिली. आणि ती कंपनी? व्ही-मोबाइल, सेल्टेल, झेन अशी नावं बदलत २०१० मध्ये एअरटेलवाल्या भारतीच्या हातात आली. लागोसला गेलात आणि एअरटेलचा लाल बोर्ड पाहून ‘अरे, आपलं!’ असं वाटलं, तर त्या घराचा पाया कोणी घातला होता हेही आठवा.

पुढचं भराभर सांगतो. २००० मध्ये त्यांनी झिम्बाब्वे सोडलं. आधी इथे, आपल्याच शहरात बिऱ्हाड होतं, नंतर लंडन. फायबरचं जाळं विणलं, झिम्बाब्वेचे पहिले अब्जाधीश म्हणून गणले गेले, नेटफ्लिक्सच्या संचालक मंडळावर गेले. पत्नी त्सित्सी यांच्यासोबत काढलेल्या संस्थेने हजारो अनाथ मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला. मक्तेदारी फोडणारा हा माणूस स्वतःच घरच्या बाजारात इतका मोठा झाला की दरांवरून लोक आज इकोनेटच्या नावाने बोटं मोडतात. तेही खरंच आहे.

मला ते सगळ्यात जवळून दिसले हरारेच्या म्बारे बाजारात, २०१२ मध्ये. म्हणजे ते नव्हे, त्यांचं काम. देशाचं स्वतःचं चलन महागाईत बुडालं होतं आणि व्यवहार अमेरिकन डॉलरमध्ये चालायचे. नोटा इतक्या मळलेल्या की हातात घेतली की ओलसर लागायची. नाणी तर नाहीतच. सुट्ट्यांऐवजी गोळ्या नाहीतर पेन हातात टेकवायचे. एक बाई टोमॅटोचे वाटे मांडून बसली होती, अगदी आपल्या मंडईतल्यासारखे, चार-पाचाचा एकेक ढीग. गिऱ्हाइकाने मोबाइलवर बटणं दाबली. बाईने तिचा टेपने चिकटवलेला जुना फोन ओच्यातून काढला, मेसेज येईपर्यंत टोमॅटोवरचा हात काही उचलला नाही. ‘टिंग’ वाजलं. तिने मेसेज दोनदा वाचला, मग पिशवी पुढे केली. मोबाइलवरून पैसे पाठवायची इकोनेटची ही सेवा, इकोकॅश, सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

मी तिथल्याच टॉवरच्या कामाला आलोय हे कळल्यावर तिने मला थांबवून घेतलं. दुपारी रेंज का जाते, ते तिला माझ्याकडून ऐकायचं होतं.