रोपलावणीच्या आठवड्यातली हजेरी

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, मी बरीच वर्षं कामगार खातं सांभाळलं. माझ्या टेबलावर दोन कॅलेंडरं असायची. एक गिऱ्हाईक कंपन्यांना माल पाठवायच्या तारखांचं, दुसरं शेतीचं. हे दुसरं मला कुणी दिलेलं नव्हतं. चुका करत करत ते मीच लिहून काढलं.

आपल्याकडचा फौंड्री कामगार पहाटे उठून म्हशींच्या धारा काढतो, डेअरीत दूध घालतो आणि सातच्या पाळीला मोटारसायकलवरून गेटवर हजर होतो. करवीर, पन्हाळा, हातकणंगले, कागल, कुठल्याही तालुक्यातला असो, घरी थोडंफार रान असतंच. जुलैत भाताची रोपलावण, दिवाळीच्या पुढं-मागं ऊसतोडीची पाळी. शेतात टोळी आली की मालकाला बांधावर उभं राहावंच लागतं. कामगार कायद्याच्या पुस्तकात यातलं काही नसतं. पण शिफ्टचा तक्ता कसा लावायचा, हे यावरच ठरतं.

एका वर्षी जूनअखेर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची मोठी ऑर्डर आली. जुलैत एकही रजा द्यायची नाही, असं वरून सांगण्यात आलं. मी फळ्यावर नोटीस लावली की विनापरवाना गैरहजर राहणाऱ्याचा हजेरी भत्ता पूर्ण कापला जाईल. दुसऱ्या दिवशी एक जुना मोल्डर, वाळूचे साचे बनवणारा कारागीर, माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "सायेब, रोपं पिवळी पडाय लागल्यात. घरात लावायला मानूस न्हाई. भत्ता कापा, पन आठ दिस सोडा." मी नाही म्हणालो. पुढच्या मंगळवारी अकरा जण आले नाहीत.

ठेकेदाराकडून माणसं आणली. पावसाळ्यात वाळूतल्या ओलीचा भरवसा नसतो. साच्याची वाळू मुठीत दाबून मोडली की ती कशी तुटते, यावरून जुना मोल्डर ओल ओळखतो. काल आलेल्या पोराला ते कुठून कळावं? ओल जास्त राहिली की वितळलेलं लोखंड ओतताना वाफ धरते आणि ओतून तयार झालेल्या भागात, म्हणजे कास्टिंगमध्ये, पोकळ्या राहतात. वरून माल चांगला दिसत होता. मशीन शॉपमध्ये पहिला थर उतरला आणि आतली भोकं उघडी पडली. भत्त्यात जेवढं वाचलं त्याच्या कितीतरी पट माल भंगारात गेला. अकरापैकी तिघे परत आलेच नाहीत. शेजारच्या शेडमध्ये लागले.

ती नोटीस माझ्या सहीची होती. पुढच्या मे महिन्यात मी वही घेऊन प्रत्येक मशीनजवळ गेलो आणि विचारलं, तुझी लावण साधारण कधी? पाणी कुठलं, विहिरीचं की पावसाचं? दोन तुकड्या पाडल्या. ज्यांना शेती नव्हती त्यांनी त्या पंधरवड्यात ओव्हरटाइम उचलला, कायद्याप्रमाणे दुप्पट दरानं. त्यांच्या रजा मग गणपतीत आणि दिवाळीत आधी मंजूर झाल्या. त्या जुलैत माल वेळेवर गेला.

आता बाहेरच्या गोष्टींकडे येतो. आपल्या बहुतेक फौंड्र्या ट्रॅक्टर, ट्रक आणि पंप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांसाठी काम करतात. तिकडं विक्री मंदावली की आपल्याकडचं शेड्यूल कमी होतं. तेही फोनवर कळतं, महिना संपता संपता. म्हणून मालक कायम माणसं थोडी आणि ठेक्यावरची जास्त ठेवतात. ऑर्डरच हातात नसेल तर कायम पगाराचं ओझं घ्यायला माणूस कचरतो, हे मी समजू शकतो. पण भट्टीवर आणि ओतकामाला ठेक्यावरचा माणूस ठेवू नये, या मताला मी आजही चिकटून आहे. तिथं दर तीन महिन्यांनी नवा चेहरा असेल तर आज ना उद्या कुणीतरी भाजणार.

कायद्याचंही तसंच. दहा कामगार झाले की ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, वीस झाले की प्रॉव्हिडंट फंड. २०१९ आणि २०२० मध्ये संसदेनं २९ जुने कायदे एकत्र करून चार कामगार संहिता मंजूर केल्या. तरी हे दोन आकडे छोट्या कारखानदाराच्या डोक्यात पक्के बसलेत. त्यामुळं हजेरीबुकात कुठं नऊ, कुठं एकोणीस नावं दिसतात आणि उरलेली माणसं दुसऱ्या फर्मच्या नावावर. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. ईएसआयला मालकाचा हिस्सा पगाराच्या ३.२५ टक्के, कामगाराचा फक्त ०.७५. तेवढं चुकवायला जाऊन, हात चेंगरलेल्या माणसाला दवाखान्यात स्वतःच्या खिशातून पैसे भरावे लागतात. मग तो मालकाकडून उचल घेतो, आणि ती उचल फिटेपर्यंत बिचाऱ्याला नोकरीही सोडता येत नाही.

भरती कशी होते, हेही सांगायला हवं. आपल्याकडं जाहिरात क्वचितच निघते. मिस्त्री सांगतो, "माझा पावना हाय, घ्या." पाव्हणा येतो, पाव्हण्याचा भाऊ येतो, आणि पाच वर्षांत एका खात्यात एकाच गावची दहा माणसं होतात. ती एकमेकांना सांभाळून घेतात, नव्याला काम शिकवतात, ही मोठी जमेची बाजू. पण त्या गावची म्हाई, म्हणजे गावजत्रा, आली की अख्खं खातं बंद! आणि ज्याचा कुणी पाव्हणा आत नाही, त्याला गेटच्या आत पाऊल टाकता येत नाही. याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या हुकुमानं सरकारी नोकरीत रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. कामावर कुणाला घ्यायचं हे ओळखीपाळखीवर सोडलं तर कोण बाहेर राहतं, हे त्यांना तेव्हा कळलं होतं. म्हणून मी पुढं आयटीआयच्या नोटीस बोर्डावर जागा लावायला सुरुवात केली. मिस्त्री काही दिवस नाराज होते. आलेल्या पोरांचं काम बघून गप्प बसले.

बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, ओडिशातून येणाऱ्यांचं कॅलेंडर पुन्हा निराळं. कोल्हापूरहून धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्स्प्रेस आठवड्यातून एकदाच सुटते. छठपूजेला घरी पोचायचं तर दिवाळीच्या आधीची कोणती गाडी धरायची, हे ते लोक तिकिटं निघतात तेव्हाच ठरवतात. त्यांच्या रजेचा अर्ज दिवाळीच्या आठ दिवस आधी मागणं म्हणजे त्यांना खोटं बोलायला लावणं.

आणि पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला. नदीपलीकडून येणारा माणूस त्या दिवसांत गैरहजर धरायचा की नाही? त्याचा पगार कापायचा की नाही? ही गोष्ट पाणी चढल्यावर ठरवायची नसते. मेमध्येच कामगारांसमोर बसून ठरवावी आणि फळ्यावर लिहून टाकावी.

शेवटी त्या मोल्डरकडे येतो, ज्याला मी रजा नाकारली होती. निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा मी त्याच्याजवळ एक शिकाऊ मुलगा दिला. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यानं शिकाऊ उमेदवार घ्यायचे, हा नियमच आहे. बऱ्याच ठिकाणी त्या पोरांच्या हातात झाडू दिला जातो. या माणसानं पहिले तीन महिने त्या पोराला फक्त वाळू मुठीत धरायला लावली. रोज सकाळी, पाळी सुरू व्हायच्या आधी. पोरगा कंटाळला, माझ्याकडं तक्रार घेऊन आला. मी त्याला परत पाठवलं.

गेल्या पावसाळ्यात मी सहज त्या शेडवर गेलो होतो. तो पोरगा आता मोल्डिंगचा फोरमन आहे. मला बघून हसला, मुठीतली वाळू मोडून दाखवली आणि म्हणाला, "सायेब, आज पानी कमी घालायला सांगितलंय." मग हळूच विचारलं, पुढच्या आठवड्यात त्याची लावण आहे, त्याच्या नव्या साहेबांशी मी दोन शब्द बोलेन का?

मी बोललो. नमस्कार.