कॅडबरीचा मालक आणि गरम डबा

ठाण्यात हायवेवर सिग्नलचं नाव कॅडबरी जंक्शन, बसमध्ये 'चला कॅडबरीवाले उतरा' असं ऐकू येतं, आणि आपल्याकडे तर कुठल्याही चॉकलेटला कॅडबरीच म्हणतात. पण हे मूळचं आडनाव आहे. बर्मिंगहॅममधलं एक घराणं, ख्रिस्ती, त्यातही क्वेकर.

क्वेकर कसे, तर प्रार्थनेला पाद्री नाही, सगळे गप्प बसणार, ज्याला आतून वाटेल तो उठून बोलणार. दारू नको, लढाई नको, शपथ घेणं नको. आणि प्रत्येक माणसात देवाचा अंश, मग तो पेट्या उचलणारा का असेना. हे बोलायला सोपं आहे हो, पगाराच्या दिवशी खरं कळतं!

१८६१ मध्ये रिचर्ड आणि जॉर्ज या भावांनी वडिलांचा धंदा घेतला तेव्हा तो बुडायलाच आलेला, जॉर्ज जेमतेम २१ चा, त्याने स्वतःचा चहा-कॉफी, पेपरसुद्धा बंद केला. सकाळी कामगारांसोबत बायबल वाचायचं, मग काम.

१८७९ ला शहरातला कोंदट कारखाना सोडून चार मैल लांब मोकळ्या रानात गेले, बोर्नव्हिल. तिथे कामगारांना क्रिकेटचं मैदान, ओले कपडे वाळवायला गरम खोली, आणि घरून आणलेलं जेवण गरम करायला स्वयंपाकघर. मी एका ऑफिसात होतो तिथे मायक्रोवेव्हसाठी तीन मेल टाकले होते, शेवटी डबा गारच खाल्ला, म्हणून हे स्वयंपाकघर माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढे जॉर्जने घरं बांधली, परसात फळझाडं लावून दिली, आणि १९०० मध्ये ३१३ घरं न् जमीन ट्रस्टला देऊन टाकली. घरं फक्त आपल्याच कामगारांना असंही नाही, बाहेरच्यांनाही. पब मात्र एकही नाही, तिथे मालकाचंच चालणार.

आणि हे पण सांगायला हवं. कामावरच्या मुलीचं लग्न झालं की तिची नोकरी संपली, निरोपाला एक बायबल आणि कार्नेशनचं फूल. प्रेमाने दिलेलं असेलही, पण नोकरी गेली ती गेलीच ना.

त्याहून मोठी गोष्ट कोकोची. तो यायचा पोर्तुगीजांच्या साओ तोमे बेटावरून, तिथे अंगोलातून आणलेली माणसं नावाला करारावर, प्रत्यक्षात गुलाम. १९०१ मध्ये हे कानावर आलं, चौकशी चालू, सरकारशी बोलणी चालू, आणि खरेदीही चालूच, ती थांबली १९०९ मध्ये. मधल्या काळात एका लंडनच्या पेपरने ढोंगी म्हणून झोडपलं, कॅडबरींनी बदनामीचा दावा ठोकला, पुढे ज्युरीने निकालही त्यांच्याच बाजूने दिला.

नुकसानभरपाई किती, तर एक फार्दिंग. पेनीचा चौथा हिस्सा.