पडद्यावरचा कोन बरोबर आहे, पण ॲन्टेना पाहतो आहे कुठे?

नमस्कार. खोडदच्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपवरचा, म्हणजेच जीएमआरटीवरचा मागचा भाग पाहून अनेकांनी एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. निरीक्षणासाठी मोजकेच तास मिळतात, मग त्यांतला सुरुवातीचा वेळ ॲन्टेनांच्या तपासणीत का घालवायचा? एका प्रेक्षकाने तर लिहिले आहे, "पडद्यावर कोन बरोबर दिसत असेल, तर आणखी तपासायचे काय?" आजचा भाग या प्रश्नासाठीच आहे.

प्राथमिक गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत, म्हणून भरभर सांगते. नारायणगावजवळ प्रत्येकी ४५ मीटर व्यासाचे ३० ॲन्टेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात एकमेकांजवळ आहेत आणि उरलेले १६ तीन भुजांवर पसरलेले आहेत. दोन ॲन्टेनांमधले सर्वाधिक अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. वारा मर्यादेत आहे ना, मोटारी आज्ञेप्रमाणे फिरतात ना, हव्या त्या वारंवारतेचा फीड, म्हणजे तबकडीने एकवटलेला संकेत टिपणारा भाग, तबकडीच्या नाभीपाशी आला आहे ना, हे सुरुवातीला पाहिले जाते. एवढ्यावर तपासणी संपली असे अनेक माहितीपटांत सांगितले जाते आणि ते मला मनापासून खटकते, कारण खरी तपासणी तिथून पुढे सुरू होते.

पडद्यावरचा कोन एन्कोडर सांगतो. एन्कोडर मोजतो ते अक्षाचे फिरणे. तबकडीची नजर आकाशात नेमकी कुठे आहे, हे मोजण्याचे साधन तो नाही. तबकडी कलली की स्वतःच्या वजनाने किंचित वाकते, उन्हाने तिची एक बाजू जास्त तापते, आणि फीड फिरवणारा भाग योग्य जागेपासून थोडा जरी अलीकडे-पलीकडे थांबला, तरी एन्कोडरचा आकडा न बदलता नजर सरकते. म्हणून आकाशातल्या एखाद्या माहितीच्या, तेजस्वी स्रोताकडे ॲन्टेना वळवायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना थोडे थोडे सरकवत संकेत मोजायचा आणि तो सर्वांत प्रबळ कुठे मिळतो ते पाहायचे. अजिबात न सरकवता, म्हणजे शून्यावर, मिळाला तर ठीक. नाही तर जेवढा फरक, तेवढी दुरुस्ती.

"इतक्या बारीक फरकाने काय बिघडते?" असेही काहींनी विचारले आहे. किती बिघडते, हे तुम्ही कोणत्या वारंवारतेवर पाहता यावर ठरते. अंशाच्या साठाव्या भागाला आपण कला म्हणतो. जीएमआरटीच्या एका ॲन्टेनाची नजर १४०० मेगाहर्ट्झच्या आसपास साधारण २४ कला रुंद असते, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाहूनही थोडी अरुंद. तीच १५० मेगाहर्ट्झला ३ अंशांच्या घरात जाते. आता १२ कलांची चूक धरा. १५० मेगाहर्ट्झला संकेत जेमतेम एक टक्क्याने घटेल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही; १४०० मेगाहर्ट्झला मात्र तो निम्म्यावर येईल. काल खालच्या बँडवर, म्हणजे कमी वारंवारतेच्या पट्ट्यावर, सगळे उत्तम चालले होते म्हणून आज वरच्या बँडवर तपासणी टाळणे हे त्यामुळेच चुकीचे आहे.

हीच गोष्ट आता तिसऱ्या बाजूने पाहू. एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी छोटी तबकडी सूर्याकडे रोखली होती आणि भरभक्कम आकडा पाहून सगळे आनंदात होते. मी त्यांना तबकडी सूर्यावरून बाजूला घ्यायला सांगितले. आकडा तसूभरही हलला नाही. त्यांना सूर्य मिळालाच नव्हता. मिळत होता तो जवळच्या मोबाईल टॉवरचा संकेत. नुसत्या मोठ्या आकड्याला अर्थ नसतो. स्रोतावर असताना किती आणि स्रोतावरून हटल्यावर किती, या फरकालाच अर्थ असतो. घरी तबकडी बनवणाऱ्या माझ्या प्रेक्षकांनी एवढी एक सवय जरी लावून घेतली, तरी त्यांचे अनेक आठवड्यांचे श्रम वाचतील.

आणखी एका प्रेक्षकाची शंका अगदी रास्त आहे: अशा चाचणीसाठी सिग्नस ए ही रेडिओ दीर्घिका चालते, तर पुढे ३सी २८६ हा क्वेसार कशाला लागतो? १४०० मेगाहर्ट्झला सिग्नस ए हा ३सी २८६ पेक्षा सुमारे शंभर पट तेजस्वी आहे, म्हणून त्याच्यावर एकेका ॲन्टेनाची नजर चटकन तपासता येते. पण जीएमआरटीत दोन-दोन ॲन्टेनांचे संकेत एकमेकांशी जुळवून पाहिले जातात, आणि सिग्नस ए आकाशात दोनेक कला पसरलेला आहे, त्यामुळे दूरदूरच्या ॲन्टेनांच्या जोड्यांना त्याचा पुष्कळसा संकेत दिसतच नाही. ३सी २८६ मंद असला तरी आटोपशीर आहे. ३० ॲन्टेनांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीचा संकेत जुळतो का, दोन्हींच्या लहरींमधला मागे-पुढेपणा, म्हणजे फेज, स्थिर आहे का, हे अशा स्रोतावरच नीट कळते. एखाद्या ॲन्टेनाजवळचा स्थानिक गोंगाट दूरच्या ॲन्टेनाला ऐकू जात नाही, म्हणून एकट्या ॲन्टेनाच्या आकड्याने झालेली फसगतही इथे बहुधा उघड होते.

शेवटचा प्रश्न होता, एखादा ॲन्टेना या तपासणीत नापास झाला तर काय करायचे? वेळ असेल तर दुरुस्ती होते. नसेल, तर नोंदवहीत त्याचे नाव व कारण लिहून त्याला वगळले जाते आणि उरलेल्या २९ ॲन्टेनांच्या ४०६ जोड्यांवर निरीक्षण सुरू होते.