पिवळं सरकलंय

[दृश्य: लातूर, औसा रोड. गच्चीवर वाळणाऱ्या कुरडया. मग खालची खोली.]

एप्रिलची दुपार आहे. वर आईच्या कुरडया वाळतायत आणि खाली माझा जुना लॅपटॉप बिल्ड करतोय, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करतोय.

डेबियन लिनक्स ही संगणक चालवणारी मोफत प्रणाली. तिच्यासाठी मी एका लायब्ररीचं, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या तयार कोडचं, पॅकेज सांभाळते. मजकुरात शब्द शोधून देणं हे या लायब्ररीचं काम. तिचा गाभा सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आहे, पण वापरणारे कुणी पायथनवाले, कुणी पर्लवाले, कुणी रुबीवाले. म्हणून प्रत्येक भाषेसाठी एक जोड असते, तिला बाइंडिंग म्हणतात. सोर्स एकच, त्यातून पॅकेजं निघतात पाच.

नवी आवृत्ती आली की आकडा बदलायचा आणि पाठवून द्यायचं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. गाभ्यातलं एखादं फंक्शन गेलं किंवा त्याची मांडणी बदलली, की सोनेमचा, म्हणजे लायब्ररीच्या नावातल्या आवृत्तीचा, आकडा वाढवावा लागतो. त्याबरोबर पॅकेजचं नावही बदलतं आणि त्याच्या आधारावर चालणारे सगळे प्रोग्रॅम पुन्हा बिल्ड करावे लागतात. गाभा जागचा हलला नाही, तरी भाषा हलतातच. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं, ऑगस्ट २०२५ मध्ये १३. तेवढ्यात पायथन ३.११ वरून ३.१३ वर गेलं, पर्ल ५.३६ वरून ५.४० वर, रुबी ३.१ वरून ३.३ वर. पायथन ३.१२ नं डिस्ट्युटिल्स हे बिल्डचं जुनं साधन काढून टाकलं, आणि आमच्या बाइंडिंगचा बिल्ड त्याच्याच भरवशावर होता. माझ्या चार संध्याकाळी त्यात गेल्या.

मूळ लेखकांनी मग पायथनचं बाइंडिंग नव्यानं लिहून काढलं. टेस्ट सगळ्या हिरव्या दिसल्या, मी पॅकेज पाठवलं. पाचेक दिवस ते अनस्टेबलमध्ये, डेबियनच्या पहिल्या थांब्यावर, राहिलं, कुणाची तक्रार नाही, मग टेस्टिंगमध्ये, म्हणजे पुढच्या डेबियनच्या तयारीत, उतरलं.

[दृश्य: वहीचं पान, शाईचं अक्षर, कडेला तारखा.]

आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहतात. रेणापूरकडच्या बायांच्या तोंडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी वर्षानुवर्षं वहीत उतरवल्या. आता त्या संगणकावर टाइप करतायत. त्यांच्या संगणकावर डेबियन मीच टाकून दिलंय, आणि ओव्या शोधायचा छोटा पायथन प्रोग्रॅमही. एका सकाळी ते दारात उभे. म्हणाले, "पोरी, पिवळं सरकलंय बघ."

'लातूर' शोधलं होतं त्यांनी. शब्द सापडत होता, पण पिवळी खूण पार ओळीच्या शेवटाला, भलत्याच शब्दावर.

[पडद्यावर मोठ्या अक्षरात: लातूर]

वाचून बघा. ला, तू, र. डोळ्यांना अक्षरं तीन. युनिकोड या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या हिशोबात ही पाच चिन्हं: ल, काना, त, दीर्घ ऊकार, र. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, म्हणून सी प्लस प्लसला हाच शब्द १५ लांबीचा दिसतो. पायथनला विचारलं तर ते ५ सांगतं. गाभा बाइट मोजून जागा कळवतो. ती चिन्हांच्या हिशोबात बदलून द्यायची, हे बाइंडिंगचं काम. नव्या बाइंडिंगमध्ये नेमकी तीच पायरी गळली होती. टेस्टमधले शब्द सगळे इंग्रजी. तिथं अक्षर एक, चिन्ह एक, बाइटही एकच. मग चूक दिसणार कशी? पण मराठी शब्द घालून बघणं माझ्या हातात होतं, आणि मी ते बघितलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटलं.

दुरुस्ती थोड्या ओळींची निघाली. टेस्ट लिहायला जास्त वेळ लागला, कारण गुरुजींच्या फायलींत आणखी एक गोष्ट सापडली. 'दुसऱ्या' मधला ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकाच चिन्हानं, किंवा र आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. पहिला तीन बाइटचा, दुसरा सहाचा. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. शोधणाऱ्याला मात्र ते वेगळे वाटतात, जोवर आधी दोन्ही एका रूपात आणले जात नाहीत. या ऱ शिवाय आपलं पान पुढं जात नाही. शेतकऱ्यांचा, बिऱ्हाडाचा, साऱ्यांचा ऱ तो.

तर आता पॅकेजच्या टेस्टमध्ये 'लातूर' आहे आणि दोन्ही तऱ्हांचं 'दुसऱ्या' आहे. पॅच, म्हणजे ही दुरुस्ती, मूळ लेखकांकडेही पाठवलाय. डेबियनची यंत्रं या टेस्ट आपणहून चालवतात, अगदी उद्या पायथन बदललं तरी. त्या नव्या पायथनला टेस्टिंगमध्ये येण्याआधी 'लातूर' नीट मोजून दाखवावं लागेल.

[दृश्य: काळी स्क्रीन, वर सरकणाऱ्या ओळी.]

बिल्ड संपला. आधी पायथन, मग पर्ल, मग रुबी. 'लातूर' तिन्हीकडं ५ आलं. नुक्त्याचं 'दुसऱ्या' अजून रुबीत अडकलंय. ते आत्ता बघायला घेते, सात वाजता गुरुजी वही घेऊन येणार आहेत.