उलट्या दिशेने सुटलेला रॉय

श्रोतेहो, नमस्कार. आज एका लाइनमनची गोष्ट. अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचं. पुढच्या रांगेत भिंतीसारखे उभे राहतात ते लाइनमन. त्यातला मधला तो सेंटर. पायांमधून चेंडू मागे द्यायचा आणि लगेच समोरच्याला अडवायचं, एवढंच त्याचं काम. चेंडू घेऊन पळणं त्याच्या नशिबात नसतं. एवढं ध्यानात ठेवा, सेंटर सहसा पळत नाही.

रॉय रीगल्स हा बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा सेंटर. तारीख १ जानेवारी १९२९. पॅसाडीनाचा रोझ बोल सामना, समोर त्या हंगामात एकदाही न हरलेला जॉर्जिया टेकचा संघ. मध्यंतर व्हायचं होतं. टेकच्या गड्याच्या हातून चेंडू सुटला आणि घावला कुणाला? रीगल्सला! टेकची गोलरेषा पुढ्यातच. एकाला चुकवायला त्याने गिरकी घेतली, समोर मोकळं मैदान दिसलं, आणि गडी जो सुटला, तो स्वतःच्याच गोलकडे!

प्रेक्षक ओरडतायत. याला वाटलं, कौतुकच चाललंय. मागून त्याचाच सोबती बेनी लॉम "थांब, थांब" करत धावतोय. रेडिओवर ग्रॅहॅम मॅकनामी समालोचन करत होते. आपल्यालाच वेड लागलंय की काय, असं ते बोलून गेले म्हणतात. त्या काळी समालोचक जे दिसेल ते सांगत. आता जाहिराती वाचून उरलेल्या वेळात खेळ सांगतात. असो.

तर रीगल्स पळाला साठाहून अधिक यार्ड. साठाहून अधिक, आणि तेही उलटे! गोलरेषेच्या तोंडाशी लॉमने त्याला धरलं, वळवायला बघितलं, तोवर टेकचे गडी येऊन आदळले. कॅलिफोर्नियाने तिथून चेंडू लाथेने लांब मारायचा ठरवला, तर ती किक अडवली गेली. चेंडू कॅलिफोर्नियाच्याच गोलरेषेमागे गेला, म्हणून टेकला दोन गुण मिळाले.

मध्यंतरात रीगल्स कोपऱ्यात ढसाढसा रडत होता. "मी तुमचं, विद्यापीठाचं, सगळ्यांचं वाटोळं केलं, आता लोकांना तोंड कसं दाखवू?" प्रशिक्षक निब्स प्राइस म्हणाले, ऊठ रॉय, अजून अर्धा सामना बाकी आहे. झापलं नाही, बसवूनही ठेवलं नाही. आपल्याकडे कित्येक प्रशिक्षक पोराला चारचौघांत फाडून खातात आणि त्याला शिस्त म्हणतात, ते मला कधी पटलं नाही. उत्तरार्धात रीगल्स जीव तोडून खेळला, टेकची एक किकही त्याने अडवली. पण सामना गेला, ८-७. एका गुणाने! ते दोन गुण आठवा.

पुढच्या हंगामात तोच रीगल्स संघाचा कप्तान झाला, देशातल्या निवडक खेळाडूंतही गणला गेला. नंतर काही काळ शिकवलं, युद्धात लष्करी सेवा केली, पुढे शेतीच्या रसायनांचा व्यवसाय थाटला. १९६४ मध्ये व्यावसायिक फुटबॉलमधल्या जिम मार्शलने अगदी हाच पराक्रम केला, तेव्हा रीगल्सनी त्याला पत्र धाडलं: आमच्या मंडळात स्वागत!

१९७१ मध्ये जॉर्जिया टेकने, हो, त्याच टेकने, आपल्या माजी खेळाडूंच्या क्लबचं सभासदत्व रीगल्सना दिलं. कार्ड हातात घेऊन ते म्हणाले, "खरं सांगतो, हे मी कमावलंय."